इतकं पसरेपर्यंत कळलंच कसं नाही?

आईच्या भिशीतल्या मावश्यांपासून कोथरूडच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, "अगं, आईचा ओव्हरीचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजला जाईपर्यंत तुम्हाला कळलंच कसं नाही?" रोज पहाटे पर्वती चढणारी बाई ती, त्यामुळे प्रश्न पडणारच. पण त्यात 'लक्ष दिलं नाहीत' असं दडलेलं असतं आणि ते लागतं, म्हणून तुम्ही विचारलंत तर नीट सांगते.

ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या, कॅन्सरचे प्रकार बरेच आहेत, पण सगळ्यात जास्त आढळणारा, जो आईला झाला, तो बऱ्याचदा ओव्हरीत सुरूच होत नाही. ओव्हरीकडून गर्भाशयाकडे जाणारी ट्यूब असते, तिचं ओव्हरीजवळचं झालरीसारखं टोक असतं ना, तिथल्या पेशी आधी बिघडतात, आणि हे इतकं बारीक असतं की सोनोग्राफीत दिसतही नाही. ते टोक पोटाच्या पोकळीत उघडं असतं, मध्ये भिंत वगैरे काही नाही. आतडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून पोटात थोडं पाणी असतं, ते श्वासाबरोबर, हालचालीबरोबर पार वर डायफ्रामपर्यंत, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यापर्यंत फिरतं, मग सुटलेल्या पेशीही त्याच्याबरोबर जातात आणि टेकतील तिथे रुजतात. रक्तातून, लसिकाग्रंथींतून पसरतोच, पण त्याची वाट बघायची गरज नसते त्याला. आतड्यांवर पदरासारखा चरबीचा पडदा असतो, ओमेंटम म्हणतात, तो तर यांचं हक्काचं घर, तिथल्या चरबीवरच पोसतात. मग पोटात पाणी साठायला लागतं. छातीतल्या पाण्यात पेशी सापडल्या किंवा लिव्हरच्या आत गाठी झाल्या की ती चौथी स्टेज.

आणि एवढं सगळं होत असताना आईला काय जाणवत होतं? परकराची नाडी घट्ट व्हायला लागली. अर्ध्या भाकरीत पोट भरायचं. सारखी लघवीला जायची. आम्ही ओवा दिला, गॅसची गोळी दिली, वय झालं म्हटलं, कोणत्या घरात वेगळं केलं असतं?

"पॅप नॉर्मल होती ना?" हेही विचारतात. होती, पण पॅप गर्भाशयाच्या मुखासाठी असते, ओव्हरीचं त्यात कळत नाही. सीए १२५ म्हणून एक रक्ततपासणी असते, पण ते पोटाच्या टीबीतही वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार). ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांची वर्षानुवर्षं ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली, २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्यामुळे त्रास नसलेल्या बाईसाठी भरवशाची तपासणी आजही नाही. त्रास असेल, रोजचा असेल आणि दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर मात्र गोळ्या बदलत बसू नका, गायनॅककडे जा. हे मी आता भेटेल तिला सांगते.

आईच्या बीआरसीए १ जीनमध्ये बिघाड निघाला, ज्याने हा कॅन्सर व्हायची शक्यता वाढते. म्हणजे मला आणि दादाला प्रत्येकी निम्मी शक्यता. दादाला ओव्हरी नाही म्हणून सगळे त्याला विसरतात, पण बिघाड बापाकडूनही पोरीकडे जातो. माझं रक्त देऊन झालंय, त्याचं सोमवारी आहे, त्याची लेक अकरावीला आहे.