बोय गरीला लागते

"बोय गरीला नाय लागत गो. तिला पागच टाकायला लागतो."

बोय हा खाडीतला मासा, गरी म्हणजे गळाचा आकडा आणि पाग म्हणजे फेकायचं जाळं. बाबांचं हे वाक्य मी आमच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर परकर-पोलक्यात उभी राहायचे तेव्हापासून ऐकते आहे. भरती चढायला लागली की बोयींची पोरं-टोरं पाण्याबाहेर उड्या मारायची आणि मी कोलंबीचा तुकडा गरीला लावून तिथेच गळ सोडायचे. शिंगाळी लागायची, कधी एखादा खरबा. बोय कधीच नाही. पुढे कळलं की कोलंबीशी तिला देणंघेणं फार नसतं. ती चिखलाच्या वरचा थर तोंडाने ओढून घेते, त्यातलं बारीक शेवाळ आणि कुजकं खाते, आणि सोबत आलेल्या वाळूच्या जोरावर कोंबडीच्या पेट्यासारख्या जाड पोटात ते दळते. बाबांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मासा साफ करताना हाताला लागलेलं ते जाड पोट त्यांना पुरेसं होतं.

भाऊ सिडनीत राहतो. मागच्या जूनमध्ये त्याच्याकडे सहा आठवडे होते. तिकडे तो ऐन हिवाळा. शेजारचे आजोबा रोज सकाळी बादली घेऊन निघायचे, तिसऱ्या दिवशी मी विचारलंच. बादलीत ओलं हिरवं शेवाळ होतं, केसांसारखं लांब. आमिष म्हणून! मी त्यांच्यामागे निघाले.

ते ज्या माशाला जात होते तो लुडेरिक. तिथली बरीच मंडळी त्याला ब्लॅकफिश म्हणतात, न्यूझीलंडमध्ये तोच पारोरे. शास्त्रीय नाव गिरेला ट्रायकस्पिडाटा. दाताला तीन टोकं असतात म्हणून ते नाव, आणि त्या दातांनी तो खडकावरचं शेवाळ कातरतो. तोंड एवढंसं. अंगावर उभे काळपट पट्टे. थंडीत खाडीच्या तोंडाशी, धक्क्यांच्या खांबांजवळ थव्याने येतो.

मला सगळ्यात जास्त आवडला तो फ्लोटचा, म्हणजे गळाच्या दोरीवरच्या तरंगत्या खुणेचा तोल. काठी लांब, तीन मीटरच्या वर, आणि लवचिक. फ्लोट दोरीवर मोकळा सरकतो. वर एक बारीक गाठ मारलेली, ती हवी त्या खोलीवर फ्लोटला अडवते. खाली शिशाचे छोटे मणी एकेक करून दाबत जायचे, इतके की पाण्यावर फक्त टोक दिसावं, करंगळीच्या नखाएवढं. एक मणी जास्त झाला तर फ्लोट बुडतो. एक कमी पडला तर मासा शेवाळ तोंडात घेताना त्याला वरचं ओझं जाणवतं आणि तो सोडून देतो. आजोबा या कामात अर्धा तास घालवत. शेवाळाची बट गरीच्या दांड्याभोवती पिळून गुंडाळायची, दोरीचा एक फास टाकायचा, खाली पेरभर शेपूट मोकळी ठेवायची. मग उरलेलं शेवाळ कात्रीने बारीक करून ओल्या वाळूत कालवायचं आणि मूठमूठ पाण्यात टाकायचं.

लुडेरिक झडप घालत नाही. फ्लोट सावकाश कलतो, थांबतो, मग खाली जातो. तेव्हाही ओढायचं नाही. टोक हिरव्या पाण्यात दिसेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग काठी नुसती उचलायची. पहिल्या दिवशी मी सात वेळा घाईने ओढलं आणि सातही वेळा नुसतं शेवाळ वर आलं. आठव्या वेळी आजोबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मासा लागला! तिथल्या नियमाप्रमाणे २७ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडावा लागतो. हा मोजून ३१ भरला.

आजोबांनी तिथेच कल्ले कापून रक्त काढलं. शेवाळखाऊ माशाला हे लगेच केलं नाही तर मांसाला वास येतो. घरी मी पोट फाडलं आणि आत काळा पडदा. आई बोय साफ करताना मोरलीच्या पात्याने खरवडते अगदी तसाच, ते राहिलं तर कालवण कडवट होतं म्हणून तिचा केवढा आग्रह! सिडनीतल्या त्या सिंकपाशी मी भावाला हाक मारली, "अरे ये, बघ. ही बोयच आहे." जात वेगळी, समुद्र वेगळा. पण आतून तोच रंग. परत गेल्यावर बोय गरीवर धरायची हे मी तिथेच ठरवलं.

आजोबांनी निघताना फ्लायची डबी दाखवली होती. फ्लाय म्हणजे गरीवर दोरा, पीस गुंडाळून केलेलं खोटं खाणं. त्यांच्या सगळ्या हिरव्या, शेवाळाच्या. फ्लोटखाली सोडायच्या आणि पाण्याच्या ओढीने वाहू द्यायच्या.

दिवाळ्यात आल्यावर पहिली अडचण पाण्याची. सिडनीची भरती दोन मीटरच्या आसपास, आपली उधाणाला साडेचार मीटरच्याही वर जाते. चिखल वर येतो, फ्लोट टिकत नाही. म्हणून अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे दिवस पकडायचे, चढत्या पाण्याचे पहिले दोन तास. जेट्टीच्या पायऱ्यांवरचं केसाळ शेवाळ गरीवर टिकत होतं, पण बोय ते चोखायची आणि टाकून द्यायची. चार रविवार गेले. बाबा दर वेळी शेजारी बसायचे, एक शब्द न बोलता.

पाचव्या रविवारी आईच्या तोरणाच्या पिशवीतून हिरवी लोकर घेतली. दहा नंबरच्या गरीवर तीन वेढे, टोकं पिंजून मोकळी. पाण्यात ती हुबेहूब शेवाळासारखी फुलली. चिखलात कालवलेलं शेवाळ मूठभर टाकलं. फ्लोट खांबाजवळून सरकला, कलला, थांबला.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

टोक दिसेनासं झालं. काठी उचलली. बोयीने एकदम उडी मारली, पाण्याबाहेर हातभर, लोकर तिच्या ओठाच्या कडेला अडकलेली. बाबा पायरीवरून गुडघाभर पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांनी तिला धरून वर घेऊन आले. पाव किलोची असेल. त्यांनी तिचं तोंड उघडून बोटाने आतली लोकर चाचपली, बराच वेळ.

संध्याकाळी आईने काळा पडदा खरवडला, आगरी मसाल्याचं कालवण केलं. जेवून हात धुतल्यावर बाबांनी विचारलं, "त्या लोकरीत अजून गडद हिरवा हाय का?"