आईचा अबोला

2022 ला आईबरोबर तुकोबांच्या पालखीत चाललो. त्याआधी दोन वर्षं पायी वारी झालीच नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. त्यातच, 2021 च्या एप्रिलमध्ये, माझा धाकटा भाऊ कोरोनानं गेला. 31 वर्षांचा. बेड मिळेपर्यंत पहाट झाली, आणि उशीर झाला.

फोनवरून समाचार घेणारे म्हणायचे, देवाला आवडला म्हणून नेला. कुणी प्रारब्ध म्हणायचं. मला राग यायचा, अजून येतो. विठ्ठलाला सगळं जमतं, वर तो माउली, मग एका रात्रीपुरता एक बेड त्याला का देता आला नाही? जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही समजून घेऊ. जमत असून दिला नसेल, तर त्याला आई कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि प्रारब्ध म्हटलं की देव सुटतो, गेलेलं पोर दोषी ठरतं.

यवतला पिठलं-भाकरी झाली, दिंडी भजनाला बसली. आईच्या हातातले टाळ ठेक्यात वाजत होते, पण ओठ मिटलेले. अठरा वाऱ्या केलेली बाई! दुसऱ्या दिवशी वाटेनंही तेच.

वरवंडला रात्री तिच्या टाचेच्या फोडातून सुई-दोरा ओवत होतो. दोरा आतच ठेवायचा, पाणी हळूहळू झिरपून जातं. तेव्हा विचारलं.

"बोलत नाही मी त्याच्याशी," ती म्हणाली. "वर्ष होऊन गेलं."

"मग चाललीस कशाला?"

"चालायचं नाही असं कुठं म्हटलं मी? दोरा नीट ओढ."

रोटी घाटात रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या. त्या रथातल्या पादुका ज्यांच्या, त्यांनी 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली', एवढंच लिहिलं. देवानं तिला का मरू दिलं, याचं कारण त्या ओळीत नाही. आणि हेच तुकोबा एका अभंगात 'माझे लेखीं देव मेला' म्हणतात, पुढे त्याच्याशी बोलणार नाही, नाव घेणार नाही म्हणतात. आम्हाला समजावणाऱ्यांपैकी एकाचीही असं म्हणायची छाती झाली नसती. गाथेतून तो अभंग कुणी काढून टाकला नाही. चढणीवर आईच्या मागून चालताना मला पहिल्यांदा वाटलं की ती एकटी नाही. अबोला आपल्याच माणसाशी धरतात.

पंढरपुरात मी म्हटलं, गर्दी फार आहे, कळसाला हात जोडू. तिनं ऐकलं नाही. पदस्पर्शाच्या रांगेत रात्र काढली. गाभाऱ्यात जेमतेम क्षणभर मिळतो. सेवेकऱ्यानं तिला दंडाला धरून उठवलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "बोललीस?"

"नाही." पदरानं कपाळाचा बुक्का पुसत ती म्हणाली. "पण पाय सोडवेनात रे."