काकूंच्या कॅसेटी ब्राउझरात: वेव्ह ते फ्लॅक, वायफाय बंद करून

काकूंच्या जुन्या कॅसेटींवरचा आवाज कॉम्प्युटरवर जपून ठेवायचं काम मागच्या वेळेपासून बरंच पुढे सरकलं. नागपूरच्या महाल भागातल्या या काकूंच्या कॅसेटी सगळ्या वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या मोठ्या ऑडिओ फाइलींत, उतरवून झाल्या. आता त्यांचं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता आकार कमी करणाऱ्या प्रकारात, रूपांतर चालू आहे. तेही त्यांच्याच घरी आणि ब्राउझरात. लॅपटॉप नातवाच्या ऑफिसचा, त्यात काही इन्स्टॉल करायची मुभा नाही. स्वतःच्या मशीनवर असतं तर एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ बदलणाऱ्या फुकट प्रोग्रामची कमांड मारून मोकळं होता येतं, ब्राउझरची भानगडच नको. पण फाइल घराबाहेर जाणार नाही ही काकूंची अट. कॅसेटींवर सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, खंजिरी भजनं आणि मधेच वावराच्या वाटणीवरून झालेली कडाक्याची बोलाचाली. ऑनलाइन कन्व्हर्टरचं नाव काढलं तर म्हणाल्या, "काहून रे बाप्पा, आमच्या घरचं भांडण कोणाच्या काम्प्युटरवर पाठवून राहिला तू?"

म्हणून वेबअसेंब्लीवर, म्हणजे ब्राउझरातच प्रोग्राम चालवायच्या तंत्रावर, चालणारं एफएफएमपेग. पान उघडलं की सुमारे ३० एमबीचं इंजिन ब्राउझरात उतरतं आणि पुढचं सगळं काम आपल्याच प्रोसेसरवर होतं. पण 'तुमच्या फाइल अपलोड होत नाहीत' असं कोणीही पानावर लिहू शकतं, त्यावर विसंबायचं नाही. माझी पद्धत अशी: प्रायव्हेट विंडोत पान उघडायचं, एक छोटी फालतू फाइल बदलून इंजिन पूर्ण उतरवून घ्यायचं, मग वायफाय बंद. आता खरी फाइल टाकायची. रूपांतर झालं, फाइल डाउनलोड्समध्ये आली की विंडो बंद करायची आणि त्यानंतरच वायफाय चालू. शेवटची पायरी बरेच जण गाळतात. पानाने फाइल ब्राउझरच्या साठ्यात ठेवून नेट आल्यावर पाठवली तर? सगळ्या प्रायव्हेट विंडो बंद झाल्या की तो साठाही पुसला जातो. पान नेटवर काय पाठवतं ते दाखवणारा, डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा ठेवलात तर आणखी उत्तम.

वेगाची तक्रार नाही. एकाहून जास्त थ्रेड वापरायला, म्हणजे काम वाटून एकाच वेळी करायला, शेअर्डअॅरेबफर ही सामाईक मेमरी लागते. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर हा प्रोसेसरमधला सुरक्षेचा दोष उघडकीला आल्यावर ब्राउझरांनी ती बंद केली आणि पुढे सर्व्हरकडून खास सूचना (हेडर) पाठवणाऱ्या पानांनाच परत दिली. व्हिडिओवाल्यांना त्याचा फटका बसतो. आपल्याला नाही, कारण एमपी३ बनवणारं लेम काय किंवा ओपस फाइल बनवणारा भाग काय, एफएफएमपेगमध्ये एका थ्रेडवरच चालतात. खरी अडचण मेमरीची. साध्या पद्धतीत मूळ फाइल आणि नवी फाइल दोन्ही मेमरीतच राहतात, आणि एका फाइलला २ जीबीची मर्यादा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १०.६ एमबी, त्यामुळे सी-९० ची, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू ४७६ एमबीत बसते. पण हौसेने ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवलीत तर अख्खी कॅसेट ३.१ जीबी. बाजू वेगवेगळ्या ठेवा, आणि घरच्या टेपरेकॉर्डरवरच्या आवाजाला ९६ चा सोस करू नका.

सगळ्यात मजा मोनो करताना आली. मूळ रेकॉर्डिंग मोनो, पण डेक स्टिरिओ, म्हणून डाव्या-उजव्या चॅनेलवर आवाज जवळपास तोच. दोन्ही मिसळून मोनो केलं की ओव्यांमधला 'स' आणि 'श' बोथट व्हायचा. कारण टेप वाचणाऱ्या हेडचा अॅझिमथ, म्हणजे टेपशी असलेला कोन, जरासा तिरका. त्यामुळे एक चॅनेल केसभर मागे पडतो आणि मिसळताना वरच्या पट्टीतले सूर एकमेकांना खातात. हेडचा स्क्रू कानाने ऐकत फिरवून बरंच जमलं, बाकी न मिसळता नुसता डावा चॅनेल घेतला. 'सावळा विठ्ठल' मधला 'सा' आता सुईसारखा टोचतो. नॉइज रिडक्शन मात्र कुठेही लावलेलं नाही. एका कॅसेटवर मागे कूलर घरघरतोय आणि पंपाचं पाणी टपटपतंय. नागपूरचा मे महिना आहे तो, तो का पुसायचा?

मास्टर फ्लॅकमध्ये. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे ओळख पटवणारा आकडा, लिहिलेला असतो, तो वेव्हमधल्या आवाजाशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. घरच्यांना मोबाइलवर पाठवायला ओपस, म्हणजे काटछाट करून लहान होणारी फाइल, ३२ केबीपीएस मोनो: ४५ मिनिटांची बाजू ११ एमबीच्या आत. बोलणं-गाणं त्यात छान ऐकू येतं. जावयांच्या जुन्या गाडीसाठी एमपी३. प्रत्येक प्रत फ्लॅकवरूनच काढायची, ओपसवरून एमपी३ नको, दोनदा काटछाट होते.

गाडीच्या स्टिरिओवर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसत होते. एमपी३ मध्ये नावं आयडी३ या पद्धतीने लिहिली जातात. एफएफएमपेग आपसूक तिची २.४ आवृत्ती लिहितं, जुनी यंत्रं २.३ मागतात. ती दिली तरी चौकोन तसेच. म्हणजे त्या यंत्रात देवनागरी फॉन्टच नाही. गाडीपुरती नावं रोमन लिपीत टाकली आणि विषय संपवला.

आता पुढचं: इंजिनाच्या फाइल लॅपटॉपवरच ठेवून पान लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच मशीनवरून, चालवायचं, म्हणजे परक्या पानाचा प्रश्नच मिटला. नुसत्या डबल क्लिकने पान उघडून जमत नाही, ब्राउझर वर्कर, म्हणजे पानामागे काम करणारा प्रोग्राम, अडवतो, छोटा सर्व्हर लागतोच. मोठ्या फाइलसाठी वर्करएफएस माउंट करूनही पाहणार आहे. त्यात मूळ फाइल मेमरीत न उचलता थेट डिस्कवरून वाचली जाते. कोणी ४ जीबी रॅमच्या मशीनवर हे चालवलं असेल, तर केवढी फाइल तरली ते सांगा.