आधी गॅस की आधी भट्टी?

लोहारकाम नव्यानं शिकणारे हमखास विचारतात, आधी भट्टीतला जोड शिकावा की गॅस वेल्डिंग? तुम्हीही तेच विचारलंत. माझं उत्तर, आधी गॅस.

मी उलट केलं होतं. पहिले तीन महिने भट्टीतला माझा एकही जोड टिकला नाही. ऐरणीवर पक्का वाटायचा, गार झाल्यावर छिन्नी लावली की पापुद्र्यासारखा सुटायचा. वितळल्याशिवाय दोन कांबी एक होणार कशा, हे डोक्यात घट्ट बसलेलं. मग भाता मारतच राहायचो आणि कांब फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवत जळून जायची.

भट्टीत लोखंड वितळवायचंच नसतं. ते वितळतं १५३८ अंशांना. जोड लागतो १२५०-१३०० च्या आसपास. कांब घनच असते, फक्त लोण्यासारखी मऊ. दोन्ही तोंडं स्वच्छ असली की ठोक्याखाली ती एकजीव होतात. आड येते ती खपली, तापलेल्या लोखंडावर हवेनं धरणारा काळा थर. त्यासाठी टाकणखार (बोरॅक्स). कांब लाल असताना भुरभुरायचा. तो आधी फुगतो, मग काचेसारखा पातळ होऊन खपली विरघळवतो. जोडाची तोंडं मध्यभागी किंचित फुगीर ठेवायची, म्हणजे हा रस कडेनं बाहेर उडतो. माझी तोंडं सपाट असायची, रस आतच अडकायचा.

आणि हवा! ती मला कळली गॅस वेल्डिंगच्या टॉर्चमुळे, म्हणजे ॲसिटिलीन वायू ऑक्सिजनबरोबर जाळणाऱ्या हातातल्या नळीमुळे. ऑक्सिजन कमी असला की ज्योतीतल्या पांढऱ्या शंकूपुढे पिसासारखी शेपटी दिसते. हळूहळू वाढवला की शेपटी शंकूत मिटते. ही वेल्डिंगची ज्योत, ३१०० अंशांच्या घरातली. आणखी वाढवला की शंकू आखडतो, ज्योत फुसफुसते आणि लोखंडातून ठिणग्या उडू लागतात. त्या दिवशी उमगलं, भाता जोरात मारून आणि कांब भात्याच्या नळीच्या तोंडाशी धरून भट्टीत मी हेच करत होतो. निखाऱ्यांचा थर जाड हवा आणि कांब त्याच्या वरच्या भागात, म्हणजे तिच्यापर्यंत पोचायच्या आत हवेतला ऑक्सिजन कोळसा खाऊन टाकतो. भट्टीत हे सगळं निखाऱ्यांआड घडतं, टॉर्चखाली डोळ्यांसमोर.

पण गॅसशी आगाऊपणा नको. ॲसिटिलीनची बाटली उभीच ठेवा, आत द्रवरूप ॲसिटोन असतं, आडवी केली की ते गॅसबरोबर बाहेर येतं. टॉर्चकडे जाणाऱ्या ॲसिटिलीनचा दाब एक बारच्या पुढे नेऊ नका. ऑक्सिजनच्या नळीच्या जोडण्यांना तेल-ग्रीसचा हात लावू नका. फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी नळीत शिरली तर अडवणारा भाग) नसेल तिथे मी टॉर्च पेटवत नाही, तुम्हीही पेटवू नका.

ज्यांच्याकडे शिकलो ते काका भट्टीवर बसताना दार ओढून घेत. उजेडात रंग फसवतो. कांब पिवळीधमक झाली, टाकणखाराचा रस तिच्यावर तुपासारखा लकाकला की काका हातोडा टेकवून जागा दाखवत आणि काकू घण घालत. पहिले ठोके हलके; जोराच्या घावानं तोंडं सरकतात. ऐरणीवर लोखंड क्षणात थंडावतं, म्हणून हातोडा आधीच हाताशी हवा.

सुरुवात एकाच कांबीची घडी घालून करा, दोन तुकडे सांभाळावे लागत नाहीत. गार झाली की करवतीनं मधोमध कापा, कानशीनं घासा आणि जोडाची रेघ शोधा; दिसली नाही तर जोड एकजीव. गॅस शिकून परत आल्यावर आठव्या घडीत मला ती सापडली नाही. तो तुकडा अजून माझ्या ऐरणीशेजारी आहे.