काचेवरचं चिठोरं

गेल्या आठवड्यात सुट्टीवर कोल्हापुरात आले. मंगळवार पेठेत मामांच्या दारात नवी इलेक्ट्रिक स्कूटर उभी, हँडलचा हार अजून सुकला नव्हता. मामेभाऊ जुन्या बनियननं तिचं मडगार्ड पुसत होता. "ताई, पेट्रोल बंद, पेट्रोलवरचा टॅक्स बंद. नुसतं फिरायचं. नाद खुळा!"

म्हटलं, फिर बाबा. मीही फिरत होते, 31 मार्च 2024 पर्यंत.

आम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहतो. ऑकलंडच्या खाली सव्वाशे किलोमीटर. आजूबाजूला माणसांपेक्षा गायी जास्त, त्यामुळं गोकुळच्या दुधावर वाढलेल्या माणसाला तिथं फारसं परकं वाटत नाही. तिथं मी एक जुनी निसान लीफ घेतली होती. जपानमध्ये वापरून झालेली, बॅटरी थोडी दमलेली, पण माझ्या ऑफिसच्या येण्याजाण्याला पुरेशी. घेतानाच्या हिशेबात मोठी गंमत ही, की विजेच्या गाडीला रस्त्याचा कर नव्हता. 1 एप्रिल 2024 ला ही माफी संपली. तेव्हापासून दर हजार किलोमीटरला 76 डॉलर. रुपयांत साधारण चार हजार.

मामा तोवर पायरीवर येऊन बसले होते. "हजार किलोमीटर झालं हे कळतं कसं त्यांना?"

मीटर बघून. म्हणजे असं : तुम्ही हजाराच्या पटीत किलोमीटर आधी विकत घ्यायचे, रिचार्ज मारल्यासारखे. मग एक छापील चिठोरं येतं. त्यावर आकडे असतात, या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत पैसे भरलेत. ते पुढच्या काचेला आतून लावायचं. गाडीचं मीटर चिठोऱ्यावरच्या आकड्याच्या पुढं गेलं, की तुम्ही फुकट्या. पोलीस कधीही वाकून बघू शकतो. आणि गाडीची ठरावीक मुदतीनं तपासणी करून घ्यावीच लागते, तिथं मीटरचा आकडा सरकारदरबारी नोंदला जातो. त्यातून सुटका नाही.

मामेभावाचं पुसणं थांबलं. "आणि मीटरची वायरच काढली तर?"

पन्नास लाख वस्तीच्या त्या देशात हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. इथं पाच मिनिटांत आला. मामा म्हणाले, "वायर कशाला काढतोस, उद्यमनगरातल्या फाउंड्रीत नवं मीटर ओतून देतील." आम्ही तिघंही हसलो, पण प्रश्न खरा आहे. तिथंही मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे, म्हणजे कुणीतरी करत असणारच. मोठ्या ट्रकना तर डॅशबोर्डवरचं मीटर चालतच नाही. त्यांच्या चाकाच्या मधोमध एक डबी बसवलेली असते, चाकाबरोबर फिरून किलोमीटर मोजणारी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, ट्रकवाल्यानं हौसेनं घड्याळ लावलंय.

ही पद्धत तिथं विजेच्या गाड्यांसाठी निघालेली नाही. 1978 पासून आहे. पेट्रोलवरचा कर पंपावरच कापला जातो, लिटरमागं सुमारे 70 सेंट. डिझेलवर मात्र तसा कर नाही, कारण बरंच डिझेल शेतात, बोटींत आणि यंत्रांत जळतं, त्यांचा रस्त्याशी संबंध नाही. म्हणून डिझेल गाडीवाल्यानं चालवली तेवढ्याचे पैसे वेगळे भरायचे. वजन जास्त तसा दर जास्त. विजेच्या गाड्या आल्या, त्या पंपावर जातच नाहीत, तेव्हा त्यांनाही याच रांगेत उभं केलं. आता सगळ्याच पेट्रोल गाड्या या पद्धतीत आणायचं तिथल्या सरकारनं ठरवलंय, कारण नव्या हायब्रीड गाड्या पेट्रोल पितात चिमणीएवढं आणि रस्ता झिजवतात पूर्वीइतकाच.

माझी तक्रार नेमकी इथंच आहे. आमच्या शेजारणीची टोयोटा अ‍ॅक्वा ही हायब्रीड गाडी हजार किलोमीटरला चाळीसेक लिटर पेट्रोल पिते. म्हणजे तिचा कर तीसेक डॉलर. माझ्या विजेच्या गाडीचा 76. धूर ती सोडते, दुपटीहून जास्त मी भरते. हे मी तिला एकदा चहा पिताना सांगितलं, तर ती म्हणाली, मग तू पण अ‍ॅक्वा घे.

मामांना मात्र शेजारणीत रस नव्हता. ते वजनावर अडकले होते. "जड गाडीला जास्त, हे बरोबर हाय. उसाची ट्रॉली बघ." मी त्यांना सांगितलं, 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर दोनेक वर्षं ट्रक पळवून मोजलं होतं. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की एका आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची हानी सोळा पटीच्या आसपास जाते. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याकडं निघालेली रांग डोळ्यांपुढं आणा, मग आपले रस्ते मार्चपर्यंत असे का होतात ते कळेल. "कळलं की," मामा म्हणाले, "पण त्या ट्रॉलीला मीटर लावणारा अजून जन्माला यायचाय."

मामा हे बोलणार याची मला खात्री होती. टोलविरोधी आंदोलनात ते पहिल्या मोर्चापासून होते. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात : शहरातले पन्नासेक किलोमीटर रस्ते खासगीकरणातून झाले आणि त्यासाठी तीस वर्षं टोल घ्यायचं ठरलं. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, जिकडून शिराल तिकडं नाका. ऐंशी पार केलेले एन. डी. पाटील सर रस्त्यावर उतरले, गोविंदराव पानसरे उतरले, सगळे पक्ष उतरले. 2014 च्या जानेवारीत नाके पेटले. 2015 च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली, तोवर पानसरे आपल्यात नव्हते. त्यांच्यावर त्याच वर्षी फेब्रुवारीत गोळ्या झाडल्या होत्या.

त्यामुळं मी मामांना जरा भीतभीतच विचारलं, आपल्याकडं असा किलोमीटरवर कर आला तर?

ते लगेच काही बोलले नाहीत. मग बोटांवर मोजायला लागले. पुण्याला जाताना किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. गाडी घेताना एकरकमी रोड टॅक्स. पेट्रोलवर दिल्लीचा वेगळा, मुंबईचा वेगळा. म्हणून तर माणसं कागल ओलांडून कर्नाटकात टाकी फुल्ल करतात. "हे सगळं काढून एकच लावणार असतील तर बोलू. ह्याच्यावर अजून एक असंल तर नाका परत पेटंल." मग म्हणाले, "तुमच्यात पैसं जातात कुठं?"

तिथं पेट्रोलचा आणि किलोमीटरचा, दोन्ही कर एकाच वाहतूक निधीत जातात. रस्ते, दुरुस्ती, बसेस अशा वाहतुकीच्या कामांवरच तो खर्च होतो. तो पुरत नाही अशी ओरड तिथंही आहे, खड्ड्यांवरून तिथंही निवडणुका लढवतात. हे ऐकून मामांना बरं वाटलं असावं. त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं.

चहा येईपर्यंत माझा फोन वाजला. हॅमिल्टनहून नवऱ्यानं लीफच्या मीटरचा फोटो पाठवला होता, शेजारी काचेवरच्या चिठोऱ्याचा. मागच्या हिवाळ्यात मी आकडा बघायला विसरले होते, साडेतीनशे किलोमीटर उधारीवर फिरले, तपासणीत ते निघालं आणि रीतसर बिल घरी आलं. तेव्हापासून हा फोटो दर पंधरवड्याला येतो.

मामांनी चष्मा वर करून फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, दोन्ही आकडे ओठातल्या ओठात वजा केले.

"वीस किलोमीटर राहिल्यात. जावईबापूंना सांग, आजच भरा. परक्या मुलखात आपल्या नावानं थकबाकी नको."