हानलेची कोरडी रात्र

लोमाच्या पुलापर्यंत सिंधू सोबत होती. पूल ओलांडून गाडी हानलेच्या खोऱ्यात वळली आणि मग नुसतं रेताड, पिवळं माळरान. लेहहून सुमारे अडीचशे किलोमीटर झाले होते. डोकं ठणकत होतं, ओठ फुटले होते, नाक आतून कोरडंठाक पडलं होतं. त्रास देणारी ही हवाच मला इथवर घेऊन आली होती.

हानले गाव साधारण ४,३०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे वातावरणाचा जवळपास ४० टक्के भाग पायाखाली राहिलेला. मॉन्सूनचे ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात, पलीकडे येते ती पिळून घेतलेली हवा. बाष्प कमी, म्हणून ताऱ्यांकडून येणारे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण वाटेत फारसे अडत नाहीत. शेजारच्या डोंगरावर, ४,५०० मीटरवर वेधशाळा बांधली ती याचसाठी. तिथली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. डिसेंबर २०२२ मध्ये आजूबाजूचा १,०७३ चौरस किलोमीटरचा टापू 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे रात्रीचा अंधार जपायचा प्रदेश, म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून रात्री घरांच्या खिडक्यांवर जाड पडदे असतात.

आम्ही गेलो ते भाद्रपद अमावस्येच्या सुमारास. आमच्या घरमालकीणबाईंनी आकाशदर्शनाचं प्रशिक्षण घेतलंय. त्यांना सगळे आचे-ले म्हणतात, म्हणजे ताई. जेवण होताच त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला. "अर्धा तास याच्याकडे बघायचं नाही."

आम्ही अंगणात बसलो. दहा मिनिटांत तारे दिसले, वीस मिनिटांनी ताऱ्यांमधली जागा दिसायला लागली. नैऋत्येला धनू राशीपाशी आकाशगंगा थेट डोंगराच्या कडेला टेकली होती आणि तिच्यातले काळे पट्टे इतके स्पष्ट, की मी आधी ढग समजले. ढग नव्हतेच. ती ताऱ्यांच्या मधली धूळ होती. डोक्यावरचे तारे जवळजवळ लुकलुकत नव्हते. लुकलुकणं ताऱ्याचं नसतं, मधल्या हवेचं असतं, हे शाळेत शिकले होते. पटलं त्या अंगणात.

थंडी मात्र झपाट्याने वाढली. बाष्प म्हणजे जमिनीची दुलई. इथे ती नाही, त्यामुळे दिवसभराची ऊब अंधार पडताच आकाशात निघून जाते. तारे ज्या वाटेने खाली येतात, त्याच वाटेने ऊब वर जाते.

अकराच्या सुमारास पूर्वा-उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्यावर आला. त्याच्या कोपऱ्यापासून पुढे सरकत आचे-लेंनी देवयानी दीर्घिका दाखवली. नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपका, पण लांबट. दुर्बिणीतून बघायला वाकले आणि सगळं पांढरं झालं. भिंगावर माझा श्वास गोठला होता.

"श्वास बाजूला सोडा," त्या म्हणाल्या आणि चेहऱ्यावरच्या रुमालाने भिंग हलकेच टिपलं. त्या कोरड्या रात्रीतलं सगळ्यात मोठं बाष्प मीच होते! पुन्हा वाकले, श्वास धरून. मधोमध उजळ गाभा आणि दोन्ही बाजूंना विरत जाणारा प्रकाश. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला.

पहाटे चारला त्यांनी दार वाजवलं. पूर्वेला डोंगरामागून एक फिकट, तिरका उजेड वर चढला होता. खाली रुंद, वर निमुळता, थेट मिथुन राशीपर्यंत.

"उजाडलं?" मी विचारलं.

"अजून वेळ आहे."

सूर्याभोवती ग्रह ज्या पातळीत फिरतात, तिथे पसरलेल्या बारीक धुळीवर सूर्याचा प्रकाश पडतो, त्याची ती झळाळी. धूमकेतूंनी मागे सोडलेली धूळ, लघुग्रहांच्या टकरींमधली धूळ. खूप वर्षं नुसतं वाचलं होतं. गोधडी गुंडाळून आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि खरं तांबडं फुटून तो उजेड त्यात मिसळेपर्यंत बोललो नाही.