स्कायलाइन ड्राइव्हला जाताय? डबा भरून घ्या

वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या मुलांकडे आई-बाबा आले की त्यांना एकदा तरी स्कायलाइन ड्राइव्हवर नेलं जातंच. व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगररांगेच्या माथ्यावरून, फ्रंट रॉयल ते रॉकफिश गॅप असा हा 105 मैलांचा, म्हणजे साधारण 170 किलोमीटरचा रस्ता. शहरातून दीडेक तासात पायथ्याशी पोचता येतं. पहिली दोन-चार वळणं झाली की मागच्या सीटवरून हमखास प्रश्न येतो, "अरे, चहा कुठे मिळेल?"

घाट म्हटला की आपल्याला टपरी लागते, कढईतली कांदाभजी लागते. इथे ताशी 35 मैलांच्या वर गाडी न्यायची नाही, दर थोड्या अंतरावर गाडी लावून दरी बघायची सोय आहे, पण टपरी एकही नाही. कारण सगळा रस्ता शेनान्डोआ नॅशनल पार्कच्या हद्दीत आहे. हे पार्क 1935 साली झालं. त्याआधी या डोंगरात लोकं राहत होती. त्यांची शेती होती, गुरं होती, सफरचंदाच्या बागा होत्या. व्हर्जिनिया राज्याने जमिनी ताब्यात घेतल्या, काही लोकांच्या मनाविरुद्धही, आणि कुटुंबांना खाली उतरवलं. 3 जुलै 1936 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बिग मेडोजला पार्कचा लोकार्पण सोहळा केला. धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकत मोठे झालेल्या आपल्या आई-बाबांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या वस्तीच्या खुणा अजून सापडतात. झाडीत एखादं दगडी धुराडं दिसतं, रान माजलेली सफरचंदाची झाडं दिसतात. मोकळ्या जागी ब्लॅकबेरी माजलेली असते. तिची जाळी करवंदीसारखीच अंगाला ओरबाडते, पण जुलै-ऑगस्टमध्ये स्वतःला खाण्यापुरती फळं तोडायला पार्कची परवानगी आहे. तोडा आणि तिथेच उभ्याने खा.

याच ब्लॅकबेरीचा इथला थाटाचा अवतार म्हणजे स्कायलँडच्या हॉटेलातला आइस्क्रीम पाय. 3,680 फुटांवर, रस्त्याच्या सर्वांत उंच टप्प्यावर हे हॉटेल आहे. खाली बिस्किटाच्या चुऱ्याचा थर, वर जांभळं आइस्क्रीम, त्यावर भाजून तांबूस झालेला अंड्याच्या पांढऱ्याचा फेस आणि ब्लॅकबेरीचा पाक. (अंडं न खाणाऱ्यांनी ऑर्डर देण्याआधीच विचारावं, एक घास खाल्ल्यावर कळलं तर प्रवासाचा मूड जातो.) एक प्लेट तिघांना पुरते. पश्चिमेकडच्या खिडकीजवळचं टेबल मिळालं तर खाली अख्खं शेनान्डोआ खोरं दिसतं. मी तिथे खिडकी आणि आइस्क्रीम, एवढ्यासाठीच थांबते.

जेवण मात्र आपलं आपण. स्कायलँडच्या थोडं अलीकडे, 36व्या मैलानंतर (मैल उत्तरेच्या फ्रंट रॉयलपासून मोजायचे), पिनॅकल्स नावाची पिकनिकची जागा आहे. लाकडी बाकं, टेबलं आणि कोळशावर भाजायला लोखंडी जाळ्या. अमेरिकन कुटुंबं त्यावर बर्गर भाजतात. आम्ही वांगी भाजतो. घरातल्या इलेक्ट्रिक शेगडीवर कधीच न येणारा तो धुरकट वास इथे येतो. साल तडकून काळी झाली की वांगं कागदात गुंडाळून जरा निवू द्यायचं, मग सोलून घरून चिरून आणलेला कांदा, मिरची, कोथिंबीर आणि कच्चं तेल घालून कालवायचं. उरलेल्या निखाऱ्यावर कणसं, लिंबू-तिखट-मीठ चोळून. सोबत दशम्या. चहा थर्मासमधून. सालं, उष्टं, काहीही मागे ठेवायचं नाही. इथे काळी अस्वलं आहेत आणि त्यांना माणसाच्या खाण्याची चटक लागली की जीव त्यांचाच जातो. कचरा त्यांना उघडता न येणाऱ्या झाकणाच्या पेटीत टाकायचा, डबे गाडीत.

नुसती कॉफी किंवा फ्रेंच फ्राइज हवे असतील तर 24व्या मैलाला एल्कवॉलो आणि दक्षिणेकडे 79व्या मैलानंतर लॉफ्ट माउंटन इथे छोटी दुकानं आहेत. मधल्या पट्ट्यात बिग मेडोज.

ऑक्टोबरमध्ये पानं रंगली की वर झुंबड उडते. तेव्हा मी सरळ थॉर्नटन गॅप या वाटेतल्या खिंडीतून खाली उतरा म्हणेन. गाडीचं 30 डॉलरचं तिकीट सात दिवस चालतं, त्यामुळे पुन्हा वर येता येतं. पूर्वेला स्पेरीव्हिल गावाच्या बाजूला सफरचंदाचा मुलूख आहे. त्या दिवसांत बागांमधून न गाळलेला, गढूळ तपकिरी सफरचंदाचा रस मिळतो आणि त्याच रसात पीठ भिजवून तळलेले, दालचिनी-साखरेत घोळवलेले डोनट. गरम असतील तरच घ्या, गार झाले की त्यात राम नाही.

नोव्हेंबरअखेरीस वरची खाण्याची ठिकाणं बंद होतात, ती थेट वसंतात उघडतात. बर्फ पडला तर रस्ताही बंद असतो, आणि फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. तेव्हा पेट्रोलची टाकी खालीच भरा, पार्कच्या वेबसाइटवर त्या दिवशीची स्थिती घरूनच बघा, आणि हिवाळ्यात दोन थर्मास घ्या. एक नुसत्या आई-बाबांसाठी.